गिझरचं पाणी उकळतं कशामुळे? जुन्या घरातला उष्णतेचा पाठ



आठवीच्या विज्ञानात आपण उष्णतेचे मापन आणि परिणाम शिकतो. विशिष्ट उष्मा, प्रसरण, उत्कलनांक हे शब्द पाठ होतात, परीक्षेत दोन-चार गुणही मिळतात. पण हे तिन्ही शब्द रोज सकाळी आपल्या न्हाणीघरात काम करत असतात. कोल्हापुरातल्या पेठांमधल्या जुन्या घरांत दहा-पंधरा वर्षांचे गिझर अजून चालू आहेत. थंडी सुरू झाली की तक्रार ऐकू येते, "पाणी लईच कढत येतंय, नळातनं वाफ येतीया." हे का होतं, दोष कुठे शोधायचा आणि कुठे हात लावायचा नाही, हे आज पाहूया.

१. बंब आणि गिझर

आजीच्या काळात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत लाकडं किंवा गोवऱ्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापायचं. जाळ जास्त झाला तर पाणी उकळायचं, झाकण खडखडायचं, वाफ बाहेर जायची. बंब वरून मोकळा असतो. त्यामुळे पाण्याचं तापमान उत्कलनांकाच्या वर जात नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, म्हणून आपल्याकडे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळतं.

गिझरची टाकी मात्र बंद असते. बंद टाकीत दाब वाढला की उत्कलनांकही वाढतो. वातावरणाच्या दुप्पट दाबाला पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं. अशा पाण्यावरचा दाब एकदम गेला, तर त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. गिझर फुटतो तो या कारणाने. म्हणून "पाणी जरा जास्त तापतंय, विसण जास्त घाला" एवढ्यावर हा विषय सोडून चालत नाही.

२. गिझरचे तीन पहारेकरी

पहिला: थर्मोस्टॅट. जुन्या गिझरमध्ये बहुधा दांड्याचा थर्मोस्टॅट असतो. पितळेची नळी आणि तिच्या आत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची दांडी. पितळ तापलं की लांब होतं, इन्व्हार जवळजवळ होत नाही. या फरकाने आतली कळ ओढली जाते आणि वीज बंद होते. लोखंड आणि निकेलचा हा मिश्रधातू शार्ल गियोम यांनी १८९६ साली शोधला. अशा निकेल-पोलादांच्या संशोधनासाठी त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

ही हालचाल केवढी असते? दांडी २० सेंटिमीटरची धरा आणि तापमानवाढ ४० अंशांची. दोन्ही धातूंच्या प्रसरणातला फरक येतो सुमारे ०.१४ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एक-दोन कागदांच्या जाडीएवढा! एवढ्याशा हालचालीवर सगळा गिझर अवलंबून असतो. म्हणून तो जुना झाला की चुकतो.

दुसरा: थर्मल कटआउट. थर्मोस्टॅटने काम केलं नाही आणि तापमान धोक्याच्या पातळीकडे गेलं, तर हा वीज तोडतो.

तिसरा: दाब सोडणारा व्हॉल्व्ह. वरचे दोघेही निकामी झाले, तर हा पाणी आणि वाफ बाहेर सोडून टाकी वाचवतो. अनेक गिझरांना याशिवाय ठरावीक तापमानाला वितळणारा एक प्लगही असतो.

आता मुद्दा लक्षात घ्या. पाणी उकळायला लागलं याचा अर्थ पहिला पहारेकरी झोपला आणि दुसऱ्यानेही वीज तोडलेली नाही. आता भिस्त एकट्या तिसऱ्यावर आहे.

३. थोडं गणित

१५ लिटरचा गिझर, २ किलोवॅटचं हीटर, नळाचं पाणी २० अंश. ते ६० अंशांपर्यंत तापवायचं आहे.

लागणारी उष्णता = १५ × ४.१८ × ४० = २५०८ किलोज्यूल
लागणारा वेळ = २५०८ ÷ २ = १२५४ सेकंद, म्हणजे सुमारे २१ मिनिटं.

इथे थर्मोस्टॅटने वीज तोडायला हवी. समजा, तोडली नाही. ६० पासून ९८ अंशांपर्यंत जायला:

१५ × ४.१८ × ३८ = सुमारे २३८३ किलोज्यूल, म्हणजे आणखी २० मिनिटं.

म्हणजे बटण दाबून आपण पोहे करायला गेलो आणि पाऊण तासाने परत आलो, तर तेवढ्यात पाणी उकळण्याच्या पलीकडे गेलेलं असू शकतं. (बाहेर जाणारी उष्णता आपण हिशेबात धरली नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागेल.)

तापताना पाणी फुगतंही. २० ते ६० अंशांत १५ लिटर पाणी साधारण पाव लिटरने वाढतं. त्यामुळे गिझर तापत असताना व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकलं तर घाबरायचं कारण नाही. धार लागली किंवा वाफ आली, तर मात्र तो धोक्याचा इशारा आहे.

४. दोष शोधूया

ही निरीक्षणं घरातल्या मोठ्या माणसांबरोबरच करा. गिझर उघडायचा नाही. फक्त बघायचं, मोजायचं आणि लिहून ठेवायचं. पूर्ण वेळ तिथेच थांबायचं.

निरीक्षण १: दिवा विझतो का? गिझरला दोन दिवे असतील तर एक वीज आल्याचा आणि दुसरा पाणी तापत असल्याचा असतो. आपल्याला दुसरा बघायचा आहे. तो नसेल तर घरातली बाकीची मोठी उपकरणं बंद करून वीजमीटरवरचा लुकलुकणारा ठिपका बघा. गिझर चालू असताना तो भराभर लुकलुकतो, वीज तुटली की एकदम मंदावतो. वरच्या सूत्राने आपल्या गिझरचा वेळ काढा, त्यात पाच-सात मिनिटं मिळवा. तेवढ्या वेळातही वीज तुटली नाही, तर बटण बंद करा. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले असण्याची शक्यता मोठी आहे. वीज तोडताना दर वेळी तिथे छोटी ठिणगी पडते. वर्षानुवर्षं ठिणग्या पडून ते बिंदू एकमेकांना जोडले जातात.

निरीक्षण २: दिवा विझतो, तरी पाणी कढत आहे का? दिवा विझल्यावर मोठ्यांनी जपून स्टीलच्या भांड्यात पाणी घ्यावं आणि प्रयोगशाळेतल्या तापमापीने मोजावं. तापाचा थर्मामीटर वापरू नका, त्याची पट्टी ४२ अंशांपर्यंतच असते. पाणी ६० च्या आसपास असेल तर ठीक. ७५-८० असेल तर थर्मोस्टॅट फार वर लावलेला आहे किंवा चुकीचा चालतोय. क्षारांचा थर हेही कारण असू शकतं. जड पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि पांढरा थर बसतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत हा थर लवकर जमतो. तो थर्मोस्टॅटच्या नळीवर बसला की पाण्याचं खरं तापमान आत उशिरा पोहोचतं.

निरीक्षण ३: दोष सोलरचा तर नाही? पुष्कळ घरांत गच्चीवरच्या सोलरचं पाणी गिझरमधून नळाला येतं. एप्रिल-मे महिन्यांत सोलरचं पाणी ७० अंशांच्याही वर जाऊ शकतं. थर्मोस्टॅट वीज तोडू शकतो, आलेलं पाणी थंड करू शकत नाही. एक दिवस गिझर अजिबात चालू करू नका. तरीही दुपारी नळाला कढत पाणी आलं, तर गिझर निर्दोष आहे. तिथे थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

५. हे करायचं नाही

- "डायरेक्ट" जोडणी नाही. थर्मोस्टॅट किंवा कटआउट बिघडला की कुणीतरी सुचवतं, "वायर डायरेक्ट करून टाकू, वेळ बघून बंद करायचं." म्हणजे पहारेकरी काढून त्याचं काम आपल्या आठवणीवर सोपवायचं! थर्मोस्टॅट हा गिझरमधल्या स्वस्त भागांपैकी एक आहे. तो बदलायचाच.
- कटआउट पुन्हा पुन्हा दाबायचा नाही. तो एकदा पडला तर कारण शोधा. कारण न शोधता परत चालू केला तर धोका तसाच राहतो.
- ठिबकणारा व्हॉल्व्ह खिळा, बूच किंवा एम-सील लावून बंद करायचा नाही. वर हवेत उघडणारा जुना पाइपही बुजवायचा नाही. नवा प्रेशर पंप बसवला असेल, तर गिझर तेवढा दाब सोसतो का हे प्लंबरकडून तपासून घ्या.
- नळातून वाफ येत असेल तर नळाशी खेळायचं नाही. न्हाणीघराबाहेरच्या एमसीबीने वीज बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, काही तास निवू द्या. मग वायरमनला बोलवा.

बदललेले भाग आयएसआय चिन्हाचे घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या.

६. कातडीचं गणित

६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत गंभीर भाजते. ५० अंशांना तेवढंच भाजायला सुमारे ५ मिनिटं लागतात. फक्त १० अंशांचा फरक! लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. म्हणून थर्मोस्टॅट ठीक असला तरी एक सवय लावून घ्या: बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. आपण उलट करतो, गरम ओतून वर विसण घालतो. मधल्या त्या मिनिटात रांगतं मूल बादलीत हात घालू शकतं.

सराव

१. २५ लिटरचा गिझर आणि २ किलोवॅटचं हीटर असेल, तर पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत जायला किती मिनिटं लागतील? (उत्तर: सुमारे ३५)
२. बंबाला थर्मोस्टॅट का लागत नाही? दोन वाक्यांत लिहा.
३. थर्मोस्टॅटमध्ये दोन्ही भाग पितळेचेच केले तर काय होईल?
४. आपल्या घरच्या गिझरची क्षमता, हीटरचे वॅट आणि बसवल्याचं वर्ष वहीत लिहा. दिवा विझायला लागलेला वेळ मोठ्यांबरोबर मोजा आणि गणिताने काढलेल्या वेळेशी ताडून पहा. फरक मोठा असेल तर घरी सांगा. या आठवड्याचा गृहपाठ हाच.