पुन्हा भरलेली शाळा

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यात कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. वरच्या वर्गांची दारे मध्यंतरी काही काळ उघडली आणि पुन्हा मिटली. परंतु ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागले ते १ डिसेंबर २०२१ पासून. ज्या मुलांची नावे जून २०२० मध्ये पहिलीच्या पटावर चढली होती, त्यांनी वर्गात पहिले पाऊल टाकले ते दुसरीच्या! थोरल्या मुलांचे जुने गणवेश आखूड झाले होते. अंगे वाढली होती. पण रांगेत उभे राहणे, शेजाऱ्यास आपली पेन्सिल देणे, खेळात हरल्यावर न रुसणे या गोष्टी घरात एकट्याने बसून शिकता येत नाहीत.

बुडालेला अभ्यास भरून काढण्याची घाई शिक्षकांस व पालकांस झाली, यात नवल नाही. २०१८ साली देशातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे सत्तावीस मुले दुसरीचा उतारा वाचू शकत होती. २०२२ साली ही संख्या सुमारे विसावर आली, असे ‘असर’ या पाहणीत आढळून आले. तथापि खेळाचा तास काढून तेथे गणिताचा तास बसविणे, हा उपाय रोगाहून वाईट होय. हे केवळ मुलांच्या आवडीसाठी म्हटलेले नाही. चीनमधील फेइचेंग येथे शाळकरी मुलांचे डोळे दर वर्षी तपासले जात. २०१५ ते २०१९ या काळात तेथील सहा वर्षांच्या मुलांत लघुदृष्टीचे प्रमाण कधीही शेकडा सहाच्या वर गेले नव्हते. घरात कोंडून राहिल्यानंतर २०२० मध्ये ते शेकडा एकवीसच्याही वर गेले. उलट, तैवानमध्ये २०१० पासून शाळांनी मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याचा परिपाठ ठेवला, आणि वर्षानुवर्षे वाढत आलेले अधू दृष्टीचे प्रमाण काही वर्षांतच घटू लागले. दिवसाच्या उजेडात दूरवर पाहण्याने डोळ्यांचे जे रक्षण होते, ते मोबाइलच्या काचेकडे पाहून कसे व्हावे?

पोटाचा प्रश्न तर याहून निकडीचा होता. दुपारच्या आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली; पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुलांना शिजविलेले अन्नच द्यावे, असा आदेश दिला. साथीच्या काळात शाळेतील स्वयंपाक थांबला व तांदूळ, डाळी असा कोरडा शिधा घरी देण्यात आला. तो अर्थातच उपयोगी पडला. परंतु घरी आलेला तांदूळ साऱ्या कुटुंबाच्या हंडीत शिजतो. शाळेच्या ताटातील खिचडी मात्र त्या मुलाच्याच पोटात जाते. शिवाय पंगतीत कोणाचे ताट तसेच राहिले, कोण दुसऱ्यांदा मागतो आहे, हे वाढणाऱ्या बाईंच्या नजरेतून सुटत नाही. शाळेतील स्वयंपाकघरे पुन्हा सुरू झाली, तेव्हा ही नजरही मुलांना परत मिळाली.

शरीराचे दुखणे दिसते, मनाचे दिसत नाही. साथीत कोणाची आजी गेली, कोणाचे वडील गेले. आईवडील दोघेही गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२१ साली घेतला. मदत मोठी खरी. पण असे मूल वर्गात येऊन बसते, तेव्हा त्यास चारचौघांत प्रश्न विचारून रडविण्यापेक्षा फळा पुसणे, हजेरीपत्रक आणणे अशी नेहमीची कामे सांगावीत. काम मिळाले म्हणजे आपण परके नाही, असे त्यास वाटते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक मन अस्वस्थ असणाऱ्या कोणासही विनामूल्य उपलब्ध झाला आहे. परंतु तो फिरविण्याचे मोठ्यांस सुचावयास, मूल गप्प झाले आहे हे आधी कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते. बहुधा ते प्रथम ध्यानात येते त्याच्याच बाकावर बसणाऱ्या सोबत्याच्या. मधल्या सुटीत तो मैदानाकडे न धावता शिक्षकांजवळ जातो व हळूच सांगतो, “गुरुजी, तो आज डबा उघडत नाही.”