जोडरस्ते आणि शहराची वाढ

शहराची वाढ केवळ घरांच्या संख्येवरून जोखता येत नाही. ती घरे रस्त्यांनी परस्परांशी कशी जोडली आहेत, हेही पाहावे लागते. लातूरची गंजगोलाई हे याचे बोलके उदाहरण होय. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेस १६ रस्ते येऊन मिळतात. त्यामुळे कोणत्याही दिशेने बाजारात सरळ येता येते.

शहराच्या कडेला मात्र चित्र निराळे दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार, तर नांदेड-वाघाळ्याची सुमारे साडेपाच लाख होती. वस्ती वाढली की लगतच्या शेतजमिनीचे भूखंड पडतात. प्रत्येक मालक आपल्या गटापुरता रस्ता आखतो आणि तो बांधावर येऊन थांबतो. मग शेजारच्या वस्तीतील शाळा सरळ रेषेत ३०० मीटरवर असली, तरी हमरस्त्याने ९०० मीटर चालावे लागते. म्हणजे वाट तिप्पट होते. रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांनाही हाच वळसा पडतो.

२००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशा वस्त्या नियमित करण्याची सोय झाली. तथापि घरे उभी राहिल्यावर रस्त्यास जागा मिळणे दुरापास्त असते. म्हणून रेखांकनास मंजुरी मिळण्यापूर्वीच शेजारील गटांचे नकाशे एकत्र ठेवून रस्ते बांधावर जुळतात की नाही, हे अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी तपासावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेपर्यंतचा वळसा मोजून घ्यावा. कोठे रस्ता तुटला आहे, हे त्या मोजणीतूनच गावाला कळेल.