कुत्रं कोणी दिलं?

मृग लागला की दिग्रसच्या आमच्या कृषी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. सरकीच्या पाकिटांसाठी रांग, उधारीची वही, आणि विदर्भातल्या शाळा उघडायला अजून दोन-तीन आठवडे. दहा वर्षांची लेक काउंटरमागे कंटाळून बसायची. म्हणून जुना फोन मीच दिला, त्यावर तो खेळही मीच उतरवला. खेळाचं नाव सांगत नाही, त्याच्यासारखे ढीगभर आहेत. त्यात मारामारी नाही, रक्त नाही. घर बांधायचं, अंगण सजवायचं, प्राणी पाळायचे, दुसऱ्यांच्या घरी जायचं. म्हटलं, भातुकलीच आहे.

जेवायला हाक मारली की म्हणायची, "बाबा, थांबा नं, माह्यं कुत्रं दूध पिऊन राह्यलं." निळं, पंखवालं कुत्रं. तसलं कुत्रं पैसे भरल्याशिवाय मिळत नाही, आणि मी तर एक रुपया भरला नव्हता. मग ते तिला दिलं कोणी? हा साधा प्रश्न मला तीन आठवडे पडला नाही.

एका रात्री बियाण्याच्या बिलाचा फोटो शोधताना गॅलरीत तिचं शाळेचं ओळखपत्र दिसलं. चादरीवर ठेवून, चांगल्या उजेडात काढलेलं. नाव, वर्ग, शाळा, गाव, खाली माझा मोबाइल नंबर. "कुत्रं देनारा म्हने, खरंच चौथीत होती का, दाखव," ती म्हणाली. मग त्याने दुसऱ्या ॲपवर यायला सांगितलं होतं. शाळेतून घ्यायला कोण येतं, हेही विचारून झालं होतं.

मी जे करू नये तेच केलं. ओरडलो, खेळ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "त्या आयडीचं नाव काय?" मला माहीत नव्हतं, आणि घाबरलेल्या पोरीला आठवेना. म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या: समोरच्याची आयडी, बोलणं, तारीख. मग ब्लॉक, मग खेळातच तक्रार. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. पैसे गेले असतील तर १९३०, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. ओरडणं मात्र टाळा. माझी लेक आठवडाभर माझ्याशी फक्त हो-नाही बोलत होती.

खरं तर आधी तपासायचं, मग वापरायचं, हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडे घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सत्तर उगवले तर बियाणं पेरणीजोगं. गिऱ्हाइकाला मीच हे सांगतो. पोरीच्या खेळाबाबतीत मात्र प्ले स्टोअरवरचं '३+' वाचलं आणि निवांत झालो. तो आकडा खेळ बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. हिंसा आहे का, नग्नता आहे का, जुगार आहे का, असं त्यात पाहतात. आत तुमच्या मुलाशी कोण बोलेल, ते त्यात येत नाही. त्याची वेगळी ओळ असते, बारीक अक्षरांत: वापरकर्ते एकमेकांशी संवाद साधू शकतात. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

मग एका रविवारी दुकान बंद ठेवून तोच खेळ पुन्हा उतरवला आणि दहा वर्षांच्या मुलाचं जन्मसाल टाकून एकटाच आत शिरलो. तेव्हा माझी मोठी चूक लक्षात आली. लेकीचं खातं मी माझ्या जन्मतारखेवर उघडलं होतं, घाईत. म्हणजे खेळाच्या हिशेबी ती चाळिशीचा बाप्या होती, आणि मुलांसाठीची सगळी कुंपणं तिच्यापुरती मीच उघडून दिली होती. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्या सगळ्यांना मूल धरलंय, पण वय खोटं टाकलं तर कायदा तरी कोणाला सांभाळणार?

खऱ्या वयाने शिरल्यावर अनोळखी माणसाशी मोकळं बोलता येईना, नुसती तयार वाक्यं निवडता येत होती. मोठ्या वयाच्या खात्यावर आकड्यांत नंबर टाकला, तर तो खेळाने पुसला. तोच नंबर मराठीत, पण इंग्रजी लिपीत, शब्दाशब्दाने लिहिला. बिनबोभाट गेला! चाळणी इंग्रजीपुरतीच होती. एवढं तपासायला मला अर्धा तास लागला. तुम्हीही हे असंच बघा. घरं, खोल्या कंपनी बनवते की कोणीही? कोणीही बनवत असेल तर '३+' प्रत्येक खोलीला लागू नाही. मैत्रीची विनंती बंद करता येते का? आणि तक्रारीचं बटण दहा वर्षांच्या पोराला सापडतं का? मला ते चौथ्या पानावर सापडलं. रोज यायला भाग पाडणाऱ्या युक्त्याही बघा. कुत्र्याला रोज भूक लागते, सातव्या दिवशी बक्षीस, मध्ये खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामपंचायतीने अठराखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला, तेव्हा मी दुकानात हसलो होतो. कोरोनात शाळेसाठी दिलेला फोन हातातून सुटत नाही, हे त्या गावाने उघड कबूल केलं. आता हसत नाही. तरी बंदी माझ्या घरात टिकणार नाही. आर्णीला मामाचा फोन आहे, आणि मामा आजीपेक्षा जास्त लाड करतो. सध्या लेक एक ठोकळ्यांचा खेळ खेळते, इंटरनेट बंद करून, माझ्याशेजारी बसून. त्यात तिने आमचं दुकान बांधलंय, समोर रांगसुद्धा.

परवा मात्र विचारत होती, "त्या कुत्र्याले आता कोन खाऊ घालत असन?" ते कुत्रं कशासाठी दिलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. तिची आई म्हणते सांगा, मी म्हणतो थोडी मोठी होऊ दे.