थंडीतले ढग आणि पेडणे-डिचोलीची बागायत

हिमाचल-काश्मीरात बर्फ पाडणारे पश्चिमी विक्षोभ सहसा गोव्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांच्यामागून उत्तरेचा कोरडा, गार वारा मात्र येतो आणि डिसेंबर-जानेवारीत पेडणे-डिचोलीच्या आतल्या गावांत पहाटे हुडहुडी भरते. त्याच सुमारास अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आभाळ भरून येते आणि अवकाळी पाऊस पडतो. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला कोकणपट्टीने तो अनुभवला. २०१७ च्या ओखी चक्रीवादळाने गोव्याचा किनारा ओलांडला नाही, तरी मोरजी-हरमलला समुद्र खवळला होता.

नुसती थंडी बागायतदाराची वैरीण नव्हे. रात्री गारवा आणि दिवसा लख्ख ऊन असेल तर मानकुराद आणि काजू दोन्ही चांगले मोहरतात. नुकसान होते ते थंडीनंतर येणाऱ्या ढगाळ, दमट दिवसांत. अशा हवेत आंब्यावर तुडतुडे वाढतात, पाठोपाठ भुरी आणि करपा येतो.

तुडतुडे ओळखायला पहाटे मोहोराखाली पांढरा कागद धरून फांदी हळूच झटकावी. पाचरीच्या आकाराचे बारीक करडे किडे कागदावर तिरके चालू लागतात. पाने हाताला चिकट लागू लागली तर प्रादुर्भाव बराच पुढे गेला, असे समजावे. मोहोर फुलण्याआधी लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ५ टक्के हे कीटकनाशक १० लिटर पाण्यात ६ मिली घेऊन फवारतात. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटरला २० ग्रॅम पुरते. मोहोर पूर्ण फुललेला असताना मात्र कीटकनाशक टाळावे. परागीकरण करणाऱ्या माश्याच मेल्या तर फळधारणा व्हायची कशी? ढग दिसले रे दिसले की पंप पाठीला लावण्याची घाई बहुतेक वेळा औषध वाया घालवते. पाऊस थांबून पाने वाळल्यावरच फवारणीचा उपयोग होतो.

थंडी लांबली तर आंब्याला निराळी अडचण येते. फळ वाटाण्याएवढे असतानाच त्याच फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि अन्नासाठी चढाओढ होऊन आधीची फळे गळतात. हापूससाठी यावर जिबरेलिक ॲसिडची शिफारस आहे: १ ग्रॅम पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून २० लिटर पाण्यात मिसळतात आणि पहिल्या मोहोराच्या ऐन बहरात एकदा, फळे वाटाण्याएवढी झाल्यावर पुन्हा एकदा फवारतात. मानकुरादवर वापरण्याआधी कृषी अधिकाऱ्याला विचारलेले बरे.

काजूचा मोठा शत्रू ढेकण्या. तो कोवळ्या फुटीतला रस शोषतो. डंखाच्या जागी आधी डिंकासारखा थेंब दिसतो, मग काळपट चट्टा पडतो आणि शेवटी अख्खा मोहोर जळल्यासारखा वाळतो. या अवस्थेत फवारणी केली तरी गेलेला मोहोर परत येत नाही. म्हणून पालवी फुटल्यापासूनच झाडाची पाहणी हवी.

वायंगण भाताच्या तरव्याला मात्र थंडी थेट बाधते; रोपे पिवळी पडून वाढ खुंटते. संध्याकाळी तरव्यात पाणी भरून सकाळी काढून टाकल्यास मुळांना ऊब मिळते. तिळारीच्या कालव्याचे पाणी असलेल्या गावांत हे सोपे जाते. पाऊस आला की याच्या उलट करावे लागते: चर मोकळे ठेवून पाणी लगेच काढावे. हरमलच्या मिरचीला आणि अळसांद्याला मुळाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. मिरचीची रोपे बुडाशी कोलमडू लागली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला ३० ग्रॅम घेऊन आळवणी करावी. खाजनात उधाणाआधी मानशीची दारे तपासावीत, कारण खारे पाणी एकदा शिरले की नुकसान त्या हंगामापुरते राहत नाही.

कुळागरांत वाळत घातलेली सुपारी एका सरीनेसुद्धा बुरसते. ताडपत्री हाताशी असावी.

इतके करूनही पीक गेले, तर शेत साफ करण्याची घाई करू नये. आधी छायाचित्रे काढावीत आणि कृषी कार्ड घेऊन पेडणे किंवा डिचोलीच्या विभागीय कृषी कार्यालयात तातडीने कळवावे. शेतकरी आधार निधीतून भरपाई मिळण्यासाठी पाहणी व्हावी लागते, आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला नुकसान जागेवर दिसले पाहिजे.