भाजलेले बी आणि रुजणारे बी

विद्यार्थिमित्रहो, संगणकाचा नाद आणि घरी निगुतीने कॉफी करण्याचा नाद हे दोन्ही एकाच माणसाच्या ठिकाणी पुष्कळदा आढळतात. रात्री जागणाऱ्यास काही पेय हवे, एवढेच त्याचे कारण असावे, असे आम्ही समजत होतो. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला, आणि त्याच्याशी झालेल्या बोलण्यातून या दोन नादांचे निराळेच नाते आम्हांस उमगले. ते तुमच्यापुढे मांडण्यासाठी हा लेख.

आमचा संगणक दहा वर्षांचा जुना. त्याची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी आज्ञावली, ज्या कंपनीची होती तिने ती कालबाह्य ठरविली. नवी आवृत्ती या यंत्रावर चालावयाची नाही, असे पडद्यावर झळकू लागले. दुकानदाराने नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. यंत्र तर बिघडलेले नव्हते! आमची ही रडकथा ऐकून तो विद्यार्थी हसला व म्हणाला, “सर, यंत्र ठणठणीत आहे. तुमच्या हाती भाजलेले दाणे तेवढे दिलेले आहेत; बी दिलेलेच नाही.” आम्हांस अर्थबोध होईना. तेव्हा त्याने बाबा बुडनची कथा सांगितली.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ मुलुखातले. पेय म्हणून कॉफीचा प्रसार पंधराव्या शतकात येमेनमधून झाला, आणि पुढे मोखा बंदरातून ती दूरदूर जाऊ लागली. रुजू शकेल असे बी परदेशी जाऊ नये, याविषयी तेथील व्यापारी फार दक्ष असत, असे सांगतात. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी साधूने हजयात्रेहून परतताना सात कच्चे दाणे आणले व चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरले, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगरास आजही त्याचेच नाव आहे. कथेचा तपशील इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यातले मर्म शेतकऱ्याच्या लेकरासही ठाऊक आहे: भाजलेल्या दाण्याचा सुवास घेता येतो, पण तो पेरला असता उगवत नाही.

आज्ञावलीचेही तसेच आहे. ती प्रथम माणसास वाचता येईल अशा भाषेत लिहितात. हिला मूळ संहिता म्हणावे. मग तिचे यंत्रास समजणाऱ्या शून्य-एकांच्या रूपात रूपांतर करतात. हे दुसरे रूप चालविता येते. परंतु ते वाचून त्याची दुरुस्ती करणे जवळजवळ अशक्य असते. मूळ संहिता म्हणजे रुजणारे बी, आणि यंत्ररूप म्हणजे भाजलेला दाणा. बहुतेक कंपन्या दाणा विकतात व बी कुलपात ठेवतात.

हे कुलूप ज्याला विशेष खुपले, तो अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत 1980 च्या सुमारास एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. पूर्वीच्या यंत्राच्या आज्ञावलीत स्टॉलमनने अशी सुधारणा केली होती, की कागद अडकताच संबंधितांस सूचना मिळे. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र त्याला मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील एकाजवळ ती होती. परंतु ती कोणास देणार नाही असे वचन देऊन बसल्यामुळे त्यानेही नकार दिला. 27 सप्टेंबर 1983 रोजी स्टॉलमनने ‘ग्नू’ या मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला, आणि 1989 मध्ये तिच्यासाठी एक सामाईक परवाना तयार केला. आज्ञावली हवी तशी वापरावी, तिचा अभ्यास करून तीत बदल करावा, प्रती वाटाव्या, सुधारलेली प्रतही वाटावी. मात्र ती पुढे देताना हेच हक्क घेणाऱ्यासही द्यावे, असा त्याचा आशय. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे. किंमत घेण्यास मनाई नाही. बी दडविण्यास मनाई आहे.

पुढे 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण केवळ हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. पुढल्याच वर्षी त्याने ती स्टॉलमनच्या परवान्याखाली आणली. तीच ‘लिनक्स’. देशोदेशींच्या हजारो लोकांनी तीत भर घातली. तुमच्या घरच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे, आणि नोव्हेंबर 2017 पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील झाडून सारे संगणक लिनक्सवर चालत आले आहेत.

त्याच 1991 साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीनेही एक गंमत घडविली. ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर सर्वांसाठी कॉफीचे एकच भांडे असे. वरच्या मजल्यावरून जिने उतरून यावे, तो भांडे रिकामे! क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल जार्डेत्स्की यांनी त्या भांड्यासमोर कॅमेरा बसविला व त्याचे चित्र आपापल्या पडद्यावर दिसण्याची सोय केली. 1993 मध्ये ते चित्र जगभर पाहता येऊ लागले, आणि संगणकांच्या जागतिक जाळ्यावरील पहिला कॅमेरा अशी त्याची ख्याती झाली. 22 ऑगस्ट 2001 रोजी तो बंद करण्यात आला. शोध नेहमी मोठ्या गरजेतूनच लागतो असे नाही. मात्र दुरुस्तीस हात घालण्याची मुभा असावी लागते.

हीच मुभा स्वयंपाकघरात प्रत्येकास आहे. विद्यार्थ्याने आम्हांस फिल्टरची कॉफी करावयास शिकविली. पहिल्या दिवशी ती काढ्यासारखी कडू झाली. तो म्हणाला, “सर, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.” पूड फार बारीक असली, वा पाणी तिच्याशी फार वेळ राहिले, तर कडवटपणा उतरतो; पूड जाड असली वा पाणी कोमट असले तर कॉफी आंबट व पातळ लागते. पाणी साधारण 92 ते 96 अंश सेल्सिअस असावे. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी शंभरावर नव्हे, तर साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. तेव्हा उकळी आल्यावर क्षणभर थांबले की पुरे. चार दिवस वहीत नोंदी केल्या, आणि पाचव्या दिवशी घरातील मंडळींनी कप पुन्हा पुढे केला.

संगणकावर लिनक्स चढविताना मात्र आमच्या हातून एक प्रमाद घडला. “आधी सगळ्याची प्रत काढून ठेवा,” असे त्याने बजावले असूनही आम्ही घाई केली, आणि सहा वर्षांची पाठटिपणे पुसली गेली. स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही आपल्याच माथी येते, हा धडा आम्हांस बऱ्याच किमतीला मिळाला. यंत्र मात्र आज उत्तम चालते, आणि हा लेख त्यावरच लिहिला आहे.

पडद्यावरील सूचना मराठीत उमटलेल्या पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘फायरफॉक्स’ व ‘लिबर ऑफिस’ यांसारख्या मुक्त आज्ञावली मराठीत उपलब्ध आहेत, त्या मराठी स्वयंसेवकांनी भाषांतराचे श्रम घेतले म्हणून. व्यापारी आधी विचारतो की या भाषेचे गिऱ्हाईक किती. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्यांस हा प्रश्न चांगलाच परिचयाचा आहे. मूळ संहिता उघडी असली म्हणजे त्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. एखादा शब्द चुकला असेल, तर तो सुधारून सुचविण्याचा मार्ग तुम्हांसही मोकळा आहे. आणि तुमची सूचना मान्य झाली, तर इंदूर, बडोदे व हैदराबाद येथील मुलांसही तिचा लाभ होईल.

म्हणून मित्रहो, जे वापराल त्याचे बी कोठे आहे, हे विचारण्याची सवय ठेवा. आणि तुम्हांस जे येते, ते शेजारच्या बाकावरील मुलास शिकविताना भाजून देऊ नका. रुजेल असे द्या.