क्युरेटिंगनंतर पाळी कुठे अडते?

प्रश्न : माझं वय ३१. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाचे ठोके सापडले नाहीत. गोळ्यांनी पिशवी पूर्ण साफ झाली नाही म्हणून क्युरेटिंग केलं. थोडा भाग राहिला होता म्हणून काही दिवसांनी पुन्हा एकदा. त्यानंतर पाळी आलेलीच नाही. पाळी येण्याच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले, एक डागही दिसला नाही. रक्ताच्या तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल. सासूबाई म्हणतात, घाण रक्त अंगात साठत असेल. मला कोडं पडलंय ते वेगळंच. गर्भपिशवीचं अस्तर दर महिन्याला गळतं आणि पुन्हा तयार होतं, असं शाळेत शिकलो. मग एकदा-दोनदा खरवडल्यानं ते कायमचं कसं थांबेल?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या कोड्याचं उत्तर अस्तराच्या दोन थरांत आहे. दर महिन्याला गळून पडतो तो वरचा थर. त्याच्याखाली, पिशवीच्या स्नायूला लागून एक पातळ थर असतो. तो पाळीत कधीच जात नाही आणि वरचा थर दर वेळी त्याच्यापासूनच नव्यानं वाढतो. दही लावताना आपण भांड्याच्या तळाशी चमचाभर विरजण राखतो, तसा हा खालचा थर. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन म्हणजे दूध समजा. विरजणच घासून गेलं, तर दूध कितीही ओता, दही लागत नाही.

एरवीच्या क्युरेटिंगमध्ये हा थर सहसा शाबूत राहतो. गर्भपात किंवा बाळंतपण नुकतंच झालेलं असताना मात्र पिशवी मऊ असते आणि इस्ट्रोजेन उतरलेलं असतं. अशा वेळी धारदार क्युरेट थोडा खोल गेला की खालचा थर सोलला जातो. पिशवीच्या आत मोकळी पोकळी असते असं आपण समजतो, पण तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एरवी एकमेकींना टेकलेल्याच असतात. दोन्हीकडे कच्ची जखम असली, तर भरताना त्या एकमेकींना चिकटतात. कुठे बारीक पडदा तयार होतो, कुठे जाड व्रण. क्युरेटिंग जितक्या वेळा, तितका हा धोका जास्त.

जर्मनीतल्या हाइन्रिश फ्रिच यांनी अशी पहिली रुग्ण १८९४ मध्ये नोंदवली. तेल अवीवमधले स्त्रीरोगतज्ज्ञ जोसेफ आशरमन यांनी १९४८ मध्ये अशा २९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा विकार ‘आशरमन सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. तो फार दुर्मीळही नाही. गर्भपातानंतर ज्यांच्या पिशवीत दुर्बिणीनं पाहिलं, अशा स्त्रियांवरचे अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले. सुमारे पाचातल्या एकीच्या पिशवीत काही ना काही चिकटलेलं आढळलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचा विकार सौम्य होता.

पत्रावरून निदान करता येत नाही. पण तुमची हकिगत त्याच दिशेला बोट दाखवते. रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आहेत, याचा अर्थ अंडाशय, थायरॉइड आणि मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आपापलं काम करत आहेत. महिन्यातून एकदा छाती जड होत असेल, मध्येच काही दिवस पारदर्शक स्राव जात असेल, तर स्त्रीबीजही तयार होत असावं. पाळी थांबली म्हणजे ‘लवकर म्हातारपण’ आलं किंवा हाडं ठिसूळ होणार, ही भीती इथे लागू होत नाही. शरीराला लागणारं इस्ट्रोजेन तयार होतंच आहे. सासूबाईंनाही सांगा, रक्त साठतंय असं सहसा नसतं. अस्तरच वाढत नाही, म्हणून गळायला काही नसतं. याला एक अपवाद आहे, तो पुढच्या प्रश्नात येतो.

आता पुढचं पाऊल. आधी गरोदरपणाची तपासणी, कारण गर्भपातानंतर एकही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात. ती निगेटिव्ह असेल, तर साधारण तीन आठवडे इस्ट्रोजेन आणि शेवटी प्रोजेस्टेरॉन देऊन पाहतात. नुसत्या प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद नाही आणि या दोन्हींनंतरही डाग नाही, तर अडचण पिशवीत आहे हे जवळपास स्पष्ट होतं. त्यानंतर त्याच गोळ्यांचा चौथा-पाचवा कोर्स करण्यात हशील नाही. तीळगूळ, पपई, बाळंतशेपा खायला हरकत नाही, पण चिकटलेल्या भिंती त्यानं सुटत नाहीत. आत पाहायला हवं आणि त्यासाठी हिस्टेरोस्कोपी, म्हणजे पिशवीच्या आत दुर्बिणीनं पाहणं, हीच सर्वांत खात्रीची तपासणी आहे. थ्री-डी सोनोग्राफी, सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी किंवा नळ्यांचा एक्स-रे यांतून अंदाज येतो. पक्कं निदान दुर्बिणीतून होतं आणि बहुतेकदा उपचारही त्याच बैठकीत होतो.

एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीनं सांगा. क्युरेटिंगच्या आधीपासूनच पाळी कमी-कमी होत आली होती का? आपल्याकडे गर्भपिशवीचा क्षयरोगही अस्तराची अशीच दशा करतो. शंका असेल, तर अस्तराचा तुकडा क्षयरोगाच्या तपासणीला पाठवतात. क्षयरोग निघाला तर आधी त्याची औषधं पूर्ण करावी लागतात. सरकारी कार्यक्रमात ती मोफत मिळतात.

प्रश्न : क्युरेटिंग होऊन चार महिने झाले. पाळी येत नाही, पण दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोटात भयंकर कळा येतात. हे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हाच तो अपवाद. अस्तर ठीक आहे, ते दर महिन्याला गळतंही आहे, पण पिशवीचं तोंड चिकटल्यामुळे रक्ताला वाट मिळत नाही. आशरमन यांच्या १९४८ च्या लेखात भर होता तो अशा बंद झालेल्या तोंडावरच. आतल्या भिंती चिकटण्याबद्दल त्यांनी १९५० मध्ये लिहिलं. कळा सुरू असतानाच सोनोग्राफी करा, साठलेलं रक्त तेव्हा चांगलं दिसतं. यात दिरंगाई करू नका. अडलेलं रक्त नळ्यांमधून उलटं पोटात जातं. दिलासा असा की, फक्त तोंडच बंद असेल तर वाट मोकळी केल्यावर पाळी आणि गर्भधारणा या दोन्हींची आशा चांगली असते. कळांबरोबर ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : माझी ‘दुर्बिणीची तपासणी’ झाली, पोटाला दोन टाके आहेत, रिपोर्ट नॉर्मल आहे. मग पुन्हा दुर्बीण कशाला? आणि ऑपरेशननं पाळी परत येते का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : पोटाला टाके आहेत, म्हणजे तुमची लॅप्रोस्कोपी झाली. ती दुर्बीण बेंबीतून जाते आणि पिशवी, नळ्या, अंडाशय बाहेरून दाखवते. हिस्टेरोस्कोपीची दुर्बीण योनीमार्गातून थेट पिशवीच्या आत जाते, टाका पडत नाही. आपण दोन्हींना ‘दुर्बीण’च म्हणतो, म्हणून हा घोळ वारंवार होतो. कधी दोन्ही एकाच वेळी केलेल्या असतात. जुन्या कागदावर कोणतं नाव लिहिलंय ते पाहा.

ऑपरेशनमध्ये चिकटलेले पडदे दुर्बिणीतून पाहत बारीक कात्रीनं सोडवतात. विजेचं उपकरणही वापरतात, पण त्याच्या उष्णतेनं उरलंसुरलं अस्तर भाजू नये म्हणून बरेच तज्ज्ञ कात्रीच पसंत करतात. काम अवघड असतं. व्रण कुठे संपतो आणि पिशवीची भिंत कुठे सुरू होते, हे नेहमी कळत नाही, त्यामुळे भिंतीला भोक पडण्याचा धोका असतो. म्हणून कित्येकदा सोबत सोनोग्राफी लावून ठेवतात.

भिंती सोडवल्या तरी त्या पुन्हा चिकटू शकतात, हीच या विकाराची खरी कटकट. त्यासाठी काही दिवस आत छोटा फुगा किंवा तांबी ठेवतात, किंवा हायलुरॉनिक अॅसिडची जेल भरतात. अस्तर वाढावं म्हणून इस्ट्रोजेन देतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीनं पाहून नव्यानं धरलेले पडदे कोवळे असतानाच सोडवतात. सौम्य प्रकारात बहुतेकींची पाळी परत येते. तीव्र प्रकारात एकाहून अधिक ऑपरेशनं लागू शकतात आणि तरीही अस्तर पातळच राहू शकतं. स्टेम सेल, पीआरपी यांची जाहिरात दिसेल. हे उपाय अजून संशोधनाच्या पायरीवर आहेत. त्यासाठी दागिने मोडू नका.

डॉक्टरांना तीन प्रश्न मोकळेपणानं विचारा : चिकटलेली पिशवी सोडवण्याची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? पुन्हा चिकटू नये म्हणून काय करणार? दुसऱ्यांदा दुर्बिणीनं कधी पाहणार? पहिलं ऑपरेशनच सरावलेल्या हातांनी होणं फार महत्त्वाचं असतं.

प्रश्न : पाळी परत आली आहे, थोडी कमी जाते. आता दिवस राहिले तर काय काळजी घ्यावी? पुन्हा गर्भपात झालाच तर क्युरेटिंग टाळता येतं का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दिवस राहू शकतात. पण अशा गरोदरपणात वार खाली असणं, वार पिशवीच्या भिंतीत खोल रुतणं आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होणं, यांचा धोका वाढलेला असतो. म्हणून पहिल्याच भेटीत हा इतिहास सांगा. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना वारेची जागा मुद्दाम तपासायला सांगा आणि प्रसूती रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच ठरवा. बाळंतपणानंतर वार अडकून पुन्हा खरवडायची वेळ आली, तर तेही जपून व्हायला हवं.

गर्भपात झालाच आणि रक्तस्राव फार नसेल, तापही नसेल, तर काही दिवस वाट पाहणं किंवा गोळ्यांनी पिशवी साफ होऊ देणं, हे पर्याय असतात. साफ करावीच लागली, तर ‘सक्शननं करणार की क्युरेटनं?’ असं विचारा. धारदार क्युरेटची पद्धत कालबाह्य असून तिच्या जागी सक्शन वापरावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्टपणे सांगितलं आहे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. धो-धो रक्त जात असेल किंवा पिशवीत जंतुसंसर्ग झाला असेल, तर लगेच पिशवी साफ करणंच जीव वाचवतं. तिथे नकार देऊ नका.

प्रश्न : हे माझ्या पत्नीबद्दल आहे. गर्भपाताचं दुःख होतंच, आता पाळीचा विषय निघाला की ती उठून जाते. ‘मी सिंकमधला जड कुकर उचलला म्हणून झालं’ असं सारखं म्हणते. नातेवाईक ‘गोड बातमी’ विचारतात. मी काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी कुकरचं. सुरुवातीच्या महिन्यांतले जवळपास निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. ते वजन उचलल्यानं होत नाहीत आणि झोपून राहिल्यानं टळत नाहीत. पिशवी चिकटण्यातही तिचा काही हात नाही. हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, तुम्ही समोर असताना.

पाळी न येणं हा तिच्यासाठी दर महिन्याला नव्यानं समोर येणारा तोटा आहे. ‘होईल सगळं ठीक’ म्हणण्यापेक्षा तिची कामं हलकी करा. फाइल तुम्ही सांभाळा, तपासणीला सोबत जा, नातेवाइकांना उत्तर तुम्ही द्या. ‘उपचार चालू आहेत, सांगण्यासारखं असेल तेव्हा सांगू’, एवढं पुरे. ती नोकरी करत असेल तर हेही पाहा : मातृत्व लाभाच्या कायद्यानुसार, त्यात बसणाऱ्या आस्थापनांतल्या स्त्रियांना गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा मिळते. त्यातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत मिळू शकते. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात राम नाही असं ती म्हणत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

उपचारांनंतरही अस्तर धरलं नाही, तर आयव्हीएफचा उपयोग मर्यादित राहतो, कारण गर्भ बाहेर तयार झाला तरी रुजायला अस्तरच लागतं. सरोगसीच्या २०२२ च्या नियमांत पिशवी आतून चिकटलेली असणं हे वैद्यकीय कारण म्हणून धरलेलं आहे. दत्तक घेण्याची वाट आहेच. पण या गोष्टी आज ठरवायच्या नाहीत. आधी निदान, मग उपचार, मग ती स्वतः बोलेल तेव्हा हा विषय.

सर्वच वाचकांसाठी : गर्भपातानंतर पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. आठ आठवडे उलटूनही ती आली नाही, किंवा पूर्वीपेक्षा फारच कमी जाऊ लागली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नका. क्युरेटिंग कधी, किती वेळा आणि कशानं झालं, याचा कागद रुग्णालयातून मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि पुढच्या डॉक्टरांना सर्वांत आधी तोच लागतो.