वनस्पती, संगणक आणि औषध: बारावीनंतरची एक वाट

‘मुलीला वनस्पतींचं वेड आहे, पण असते दिवसभर लॅपटॉपसमोर. मेडिकलला नंबर लागला नाही तर हिचं पुढे काय?’ पालक हा प्रश्न मनापासून काळजीने विचारतात. या दोन्ही आवडी एकत्र कामी येतील असं एक क्षेत्र आहे: संगणकाच्या मदतीने औषधांचा शोध.

हे काम नेमकं काय?

फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या ‘मेन प्रोटिएज’ या प्रथिनाची रचना प्रोटीन डेटा बँकेत सर्वांसाठी खुली झाली. हे प्रथिन म्हणजे विषाणूची कात्री. पेशीत तयार झालेल्या लांबलचक प्रथिनसाखळीचे ती कामाचे तुकडे करते. तिच्या खाचेत एखादा रेणू घट्ट बसला, तर विषाणूची वाढ अडते. टाळेबंदीत अनेक प्रयोगशाळांना कुलपं होती, संगणक मात्र चालू होते. जगभरचे संशोधक हळद, तुळस, गुळवेल यांतले रेणू त्या खाचेत बसवून पाहू लागले. यालाच ‘डॉकिंग’ म्हणतात. ‘ऑटोडॉक व्हिना’सारखं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक रेणूला गुण देतं. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसने उभारलेल्या ‘इम्पॅट’ या खुल्या संग्रहात २०१८ मध्येच भारतीय औषधी वनस्पतींतले ९,५०० हून अधिक रेणू होते.

पाखडणं म्हणजे स्वयंपाक नव्हे

डॉकिंग म्हणजे सुपात धान्य पाखडणं. हजारो रेणूंतून तपासण्याजोगे मोजके हाती येतात, एवढंच. हळदीतल्या कर्क्युमिनला डॉकिंगमध्ये चांगले गुण मिळाले, पण ते शरीरात लवकर मोडतं, रक्तात फारच थोडं पोहोचतं आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनाही चकवतं. त्या काळातले कितीतरी शोधनिबंध गुणांच्या तक्त्यापाशीच थांबले. याच कात्रीला रोखणारं निर्माट्रेलवीर मात्र पेशी, प्राणी आणि रुग्ण अशा तिन्ही पायऱ्या चढलं. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा समावेश असलेल्या पॅक्सलोविडला अमेरिकेत आपत्कालीन मान्यता मिळाली. त्याची मुळं २००३ च्या सार्स साथीवेळच्या संशोधनात होती.

कर्क्युमिन अडखळलं, म्हणून वनस्पतींवरची आशा खोटी ठरत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडतं. त्याच रेणूत बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं तयार झाली. निसर्गाने रेणू दिला, त्याचं औषध करायला रसायनशास्त्रज्ञांची अनेक वर्षं लागली.

मग शिकायचं काय?

माझा सल्ला स्पष्ट आहे. आधी पाया पक्का करा, सॉफ्टवेअर नंतर शिका. डॉकिंग आठवड्याभरात चालवता येतं, पण आलेलं उत्तर पटण्यासारखं आहे का, हे कळायला रसायनशास्त्र लागतं.

• बी.फार्म.: एमएचटी-सीईटीतून प्रवेश. पुढे जीपॅट ही परीक्षा देऊन ‘नायपर’ या राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थांच्या प्रवेशपरीक्षेला बसता येतं. मोहालीच्या नायपरमध्ये फार्माकोइन्फर्मेटिक्स शिकवतात.
• बी.एस्सी. (रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी): पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. करता येतं.
• आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था): पुण्यासह सात ठिकाणी. प्रवेशासाठी आयएटी ही परीक्षा.
• कॉम्प्युटर इंजिनीअरिंग: हीही वाट चालते, फक्त जीवरसायनशास्त्र स्वतः मेहनतीने शिकावं लागतं.

कुठेही गेलात तरी पायथन, लिनक्स आणि संख्याशास्त्र यांना पर्याय नाही.

पालकांच्या मनातला प्रश्न: कमाईचं काय?

ही लांब पल्ल्याची वाट आहे, हे आधीच मान्य करा. नुसत्या पदवीवर चांगली नोकरी मिळणं अवघड असतं. एम.एस्सी. किंवा एम.फार्म.नंतर औषधकंपन्या आणि त्यांच्यासाठी संशोधन करणाऱ्या संस्थांची दारं उघडतात. नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक आहेत. शिवाय संगणकाचं कौशल्य हाती असल्याने औषधशोधात मन रमलं नाही, तरी विदाविश्लेषणाकडे वळता येतं.

सुट्टीत घरच्या घरी पारख

महागडा कोर्स लावण्याआधी मुलांना एवढं करू द्या. प्रोटीन डेटा बँकेतून रेणू बसलेलं एखादं प्रथिन घ्यायचं, तो रेणू बाहेर काढायचा आणि व्हिनाने पुन्हा बसवायचा. तो मूळ जागी बसला का, ते पाहायचं. यासाठी साधा लॅपटॉप पुरतो आणि खर्च शून्य.

मग जेवताना एकच विचारा: ‘व्हिनाने दिलेला आकडा चुकीचा असू शकेल का? तू तो कसा तपासलास?’ मुलगी गप्प राहिली तरी रागावू नका. पण ताट तसंच ठेवून ती पुन्हा लॅपटॉपकडे धावली, तर निश्चिंत राहा, तिला तिची वाट सापडली आहे.